लांबच्या वाटेने लवकर: हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ

लंडन ते न्यूयॉर्क हवाई अंतर किती, हे शोधायला बसलात तर एका ठिकाणी ५,५७० किलोमीटर दिसेल, दुसरीकडे ५,५४० आणि तिसरीकडे ५,५५५. आणखी शोधलंत की कुणी ३,४५१ मैल सांगेल, तर कुणी ३,००० मैल. माणूस वैतागतो आणि सगळ्यात वर दिसलेला आकडा घेऊन मोकळा होतो. खरं तर यातला एकही आकडा चुकलेला नाही. प्रत्येक जण वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतोय, एवढंच.

पुढची अडचण जास्त मजेची आहे. यातलं कुठलंही किलोमीटरचं अंतर घ्या आणि जेट विमानाच्या ताशी नऊशे किलोमीटर वेगानं भागा. उत्तर येतं सहा तास आणि वर थोडी मिनिटं. तिकिटावर मात्र लंडनहून न्यूयॉर्कला जायला साधारण आठ तास आणि परत यायला सात तास लिहिलेले असतात. अंतर तेच, विमान तेच, इंजिनंही तीच. मग येताना वाचलेला तास येतो कुठून? आणि वाचूनही सात का, सहा का नाहीत?

आधी अंतराचा घोळ निस्तरू.

५,५७० हा आकडा लंडनच्या मध्यापासून न्यूयॉर्कच्या मध्यापर्यंतचा. पण विमान शहराच्या चौकातून उडत नाही. हीथ्रो विमानतळ लंडनच्या पश्चिमेला आहे आणि केनेडी विमानतळ न्यूयॉर्कच्या पूर्व अंगाला. दोघेही एकमेकांच्या दिशेनं थोडे सरकलेले, म्हणून विमानतळ ते विमानतळ मोजलं की तीसेक किलोमीटर कमी होतात आणि ५,५४० उरतात. हे गणित करताना पृथ्वी चेंडूसारखी गोल धरलेली असते, त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. प्रत्यक्षात ती ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे. विषुववृत्तावर केंद्रापासून पृष्ठभाग ६,३७८ किलोमीटरवर, तर ध्रुवावर ६,३५७. हा चपटेपणा हिशेबात घेतला की त्याच दोन विमानतळांमधलं अंतर ५,५५५ भरतं. फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी. प्रवाशानं त्यासाठी झोप घालवायची गरज नाही. नकाशे बनवणाऱ्यांनी मात्र घालवायची असते.

राहिले मैल. रस्त्यावरचा मैल १.६०९ किलोमीटरचा, त्या हिशेबानं ३,४५१. समुद्रावर आणि आकाशात चालतो तो सागरी मैल, म्हणजे नॉटिकल मैल, १.८५२ किलोमीटरचा, त्या हिशेबानं ३,०००. हा १,८५२ मीटरचा विचित्र आकडा १९२९ मध्ये मोनॅकोच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरला, पण त्यामागची कल्पना फार सुबक आहे. पृथ्वीच्या पृष्ठभागावर उत्तर-दक्षिण एक अंश सरकलं की साधारण १११ किलोमीटर होतात. अंशाचे साठ भाग केले की एक कला, आणि एक कला म्हणजे एक सागरी मैल. नकाशावरचे अंश मोजले की अंतर हातात आलं. लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यापासून पृथ्वीच्या केंद्रापर्यंत दोन रेषा ओढल्या तर त्यांच्यात जवळजवळ ५० अंशांचा कोन होतो. ५० गुणिले ६०, ३,००० सागरी मैल. वैमानिक अजूनही याच मापात बोलतात आणि वेग नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत सांगतात, ते हौसेपोटी नव्हे.

जाता जाता एक शंका. विमान अकरा किलोमीटर उंचीवरून उडतं, मग वरचं वर्तुळ मोठं नाही का? आहे. पण ६,३७१ च्या मानानं अकरा म्हणजे काहीच नाही. लंडन–न्यूयॉर्कसारख्या प्रवासात त्यामुळे नऊ-दहा किलोमीटर वाढतात, म्हणजे अर्ध्या मिनिटाहून थोडं जास्त.

सरळ रेष वाकडी का दिसते

सीटसमोरच्या पडद्यावर विमानाची वाट बघितली असेल तर ती कमानीसारखी उत्तरेकडे फुगलेली दिसते. शेजारचा प्रवासी हमखास म्हणतो, एवढा वळसा कशाला? वळसा विमानाचा नसतो, नकाशाचा असतो.

माद्रिद आणि बीजिंग ही दोन शहरं घ्या. दोन्ही साधारण चाळीस अंश उत्तर अक्षांशावर. सपाट नकाशावर माद्रिदहून नाकासमोर पूर्वेला गेलं की बीजिंग लागतं. या ‘सरळ’ वाटेनं, म्हणजे अक्षांश न सोडता, अंतर होतं सुमारे १०,२०० किलोमीटर. आता पृथ्वीचा गोल घ्या आणि दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा आपणहून उत्तरेकडे सरकतो आणि साठ अंश अक्षांशाच्या जवळ, म्हणजे सेंट पीटर्सबर्गच्या उंचीला जाऊन खाली उतरतो. या वाटेची लांबी सुमारे ९,२०० किलोमीटर. वाकड्या दिसणाऱ्या वाटेनं हजार किलोमीटर वाचले.

ताणलेल्या दोऱ्याची ही वाट जिच्यावर पडते त्या वर्तुळाला भूगोलात बृहद्वृत्त म्हणतात. पृथ्वीचे बरोबर दोन समान भाग करणारं वर्तुळ. विषुववृत्त हे एक बृहद्वृत्त. पण चाळीसावं अक्षांशवृत्त नाही, ते वरच्या बाजूचं छोटं वर्तुळ आहे. छोट्या वर्तुळावरून चाललं की वाट जास्त वळते, म्हणून लांब पडते. दोन शहरांमधलं ‘हवाई अंतर’ म्हणून जे सांगितलं जातं ते या बृहद्वृत्तावरचं. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर असल्यानं कुठल्याही दोन ठिकाणांमधलं हवाई अंतर २०,००० च्या फारसं वर जाऊच शकत नाही.

सपाट नकाशाला दोष देताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. नकाशाकार मर्केटरनं १५६९ मध्ये तो नकाशा केला तो खलाशांसाठी. त्यावर सरळ रेघ ओढली की होकायंत्राचा काटा एकाच दिशेला ठेवून जहाज हाकता येतं. त्याला सर्वांत जवळची वाट दाखवायची नव्हती, हरवू न देणारी वाट दाखवायची होती. त्या नकाशावर आपण विमानं उडवायला लागलो आणि मग तो फसवतो म्हणून कुरकुर करायला लागलो.

दोऱ्याची वाट आणि खरी वाट

आकाशात रस्ते नसतात, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात आकाश जमिनीइतकंच कुंपणांनी भरलेलं आहे. लष्करी सरावाचे पट्टे असतात, विमानतळावरून बाहेर पडण्याच्या आणि आत येण्याच्या ठरलेल्या वाटा असतात, आणि सगळ्यात मोठं कुंपण म्हणजे देशांच्या हवाई हद्दी.

याचं हेलसिंकी–टोकियोसारखं दुसरं उदाहरण नाही. दोऱ्यानं मोजलं तर अंतर आठ हजार किलोमीटरच्या थोडं आत, आणि जवळजवळ सगळा दोरा रशियावरून जातो. शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत संघाचं आकाश परक्या विमानांना जवळजवळ बंदच होतं. म्हणून स्कॅन्डिनेव्हियन एअरलाइन्सनं १९५७ मध्ये कोपनहेगनहून टोकियोला जायला उत्तर ध्रुवाकडची वाट धरली, मध्ये अलास्कातल्या अँकरेजला इंधनासाठी थांबा. युरोप आणि जपानमधली विमानं पुढे कित्येक वर्षं त्या आडगावी विमानतळावर उतरत राहिली. १९८३ मध्ये फिनलंडच्या फिनएअर कंपनीनं डीसी-१० विमानात जादा इंधन घेऊन हेलसिंकी ते टोकियो न थांबता उडायला सुरुवात केली, ध्रुवावरूनच. साधारण तेरा तास. पुढे सोव्हिएत आकाश उघडलं, विमानं सैबेरियावरून सरळ जाऊ लागली आणि तेरा तासांचे साडेनऊ-दहा झाले. हेलसिंकीच्या विमानतळाचा तर धंदाच त्यावर उभा राहिला: युरोपातून आशियात जायची सर्वांत जवळची खिडकी.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला, रशिया आणि युरोपीय देशांनी एकमेकांना हवाई हद्दी बंद केल्या आणि फिनएअरची विमानं पुन्हा ध्रुवावरून जाऊ लागली. अंतर तेरा हजार किलोमीटरच्या घरात, वेळ पुन्हा तेरा तास. ध्रुव ओलांडल्याचं प्रमाणपत्र प्रवाशांना देण्यात येऊ लागलं; वाढलेल्या तीन तासांवर तेवढीच फुंकर. शहरं जागची हलली नाहीत, विमानं चाळीस वर्षांनी पुढारलेली, आणि घड्याळ १९८३ मध्ये परत गेलं. चिनी कंपन्यांना मात्र रशियाचं आकाश उघडं राहिलं. त्यामुळे युरोप आणि चीनमधल्या त्याच दोन शहरांसाठी दोन कंपन्यांच्या तिकिटांवर दोन वेगळे वेळ दिसतात, आणि त्यात वैमानिकाच्या कौशल्याचा काही संबंध नसतो.

दुसरं कुंपण डोंगरांचं. अकरा किलोमीटरवरून उडणाऱ्या विमानाला नऊ किलोमीटरचा डोंगर आडवा येत नाही, हे खरं. प्रश्न येतो तो आतल्या हवेचा दाब अचानक गेला तर. अशा वेळी वैमानिकाला विमान साधारण तीन किलोमीटर उंचीवर आणायचं असतं, जिथे माणसाला मास्कशिवाय श्वास घेता येतो. प्रवाशांच्या मास्कमधला प्राणवायू बऱ्याच विमानांत पंधरा-वीस मिनिटांपुरताच असतो. आणि तिबेटचं पठार सरासरीच साडेचार किलोमीटर उंच आहे! खाली उतरायला जागाच नाही. म्हणून विमानं शक्यतो त्या पठाराला बगल देतात.

तिसरं कुंपण पाण्याचं, आणि ते हळूहळू मागे हटत गेलं. दोन इंजिनांच्या विमानाचं एक इंजिन बंद पडलं तर उरलेल्या इंजिनावर ठरावीक वेळात एखाद्या विमानतळावर पोचता आलं पाहिजे, असा नियम आहे. पूर्वी ही मुदत साठ मिनिटांची होती. त्यामुळे दोन इंजिनांची विमानं महासागर ओलांडताना बेटा-बेटाला धरून चालायची, पोहायला शिकणारं मूल काठ धरून जातं तशी. १९८५ मध्ये अटलांटिकवर १२० मिनिटांची परवानगी मिळाली आणि वाट सरळ झाली. २०१४ मध्ये एअरबस ए-३५० ला ३७० मिनिटांपर्यंतची मान्यता मिळाली, म्हणजे एका इंजिनावर सहा तासांहून जास्त. याचा खरा उपयोग दक्षिण गोलार्धात. सिडनी ते चिलीची राजधानी सँटियागो ही दोऱ्याची वाट साठ अंश दक्षिणेच्याही पलीकडे अंटार्क्टिकाच्या दिशेनं झुकते. आजूबाजूला हजारो किलोमीटर पाणी आणि बर्फ, विमानतळाचं नावनिशाण नाही.

वारा

आता मूळ प्रश्नाकडे. जाताना आठ, येताना सात.

पुष्कळ जण सांगतात, पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेला जाणाऱ्या विमानाला मुक्कामाचं शहर सामोरं येतं आणि ते लवकर पोचतं. ऐकायला पटतं, पण मग लंडनहून न्यूयॉर्कला जायला कमी वेळ लागायला हवा होता. होतं उलटं. विषुववृत्तावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगानं फिरतो. जमिनीसोबत हवाही फिरते, आणि उभं असलेलं विमानही. तसं नसतं तर आपण जागच्या जागी उडी मारली की भिंतीवर आपटलो असतो. विमान पोहतं ते हवेत, आणि हवा पृथ्वीला धरून आहे.

फरक पडतो तो ही हवा पृथ्वीच्याही पुढे धावते तेव्हा. उष्ण कटिबंधातली तापलेली हवा वर चढून ध्रुवांकडे निघते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळते. गरम आणि थंड हवेच्या सीमेवर, नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, वाऱ्याची एक अरुंद, नागमोडी नदीच तयार होते. हाच जेट प्रवाह. वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर, कधी चारशेच्याही वर. हिवाळ्यात ध्रुव आणि उष्ण कटिबंध यांच्या तापमानातली तफावत वाढते, तशी ही नदीही फुगते. म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम आहे, पण तो असा मागच्या दारानं येतो. आणि नेमकी हीच उंची जेट विमानांना सोयीची. योगायोग म्हणावा तर एवढा मोठा योगायोग क्वचितच.

या वाऱ्याचा पहिला नीट मागोवा घेतला तो वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञानं. १९२० च्या दशकात ताटेनो वेधशाळेतून फुगे सोडून तो त्यांचा माग काढत असे. टोकियोच्या परिसरात इतक्या उंचीवर इतका जोरदार पश्चिमी वारा वाहतो, हे त्यानं १९२६ मध्ये अहवालात मांडलं. जगभर वाचला जावा म्हणून अहवाल त्यानं एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत लिहिला. सगळ्यांची म्हणून बनवलेली ती भाषा फारसं कुणी वाचत नव्हतं. १९४४ मध्ये अमेरिकी बॉम्बफेकी विमानं जपानवर त्या उंचीवरून उडाली, तेव्हा त्यांचे नेम चुकू लागले आणि मग या वाऱ्याची दखल घ्यावीच लागली.

विमानाच्या वेगाचे दोन अर्थ होतात, तो भेद इथे कळला पाहिजे. एक वेग सभोवतीच्या हवेच्या मानानं, दुसरा जमिनीच्या मानानं. पंख आणि इंजिन यांना फक्त पहिला कळतो. आपल्या घड्याळाला फक्त दुसरा. मोठी जेट विमानं ध्वनीच्या वेगाच्या ८५ टक्के वेगानं उडतात, छोटी ७८ टक्क्यांच्या आसपास. अकरा किलोमीटरवरच्या थंड हवेत ध्वनीचा वेग ताशी १,०६० किलोमीटरच्या जवळ असतो, म्हणजे मोठ्या विमानाचा हवेतला वेग झाला ९०० आणि छोट्याचा ८३०. जमिनीवरचा वेग काढायचा तर यात वारा मिळवायचा किंवा वजा करायचा. फेब्रुवारी २०२० मध्ये किआरा वादळाच्या दिवसांत न्यूयॉर्कहून निघालेलं बोइंग ७४७ चार तास छप्पन्न मिनिटांत लंडनला पोचलं. जमिनीच्या मानानं त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. आवाजापेक्षा जास्त? आकड्यानं हो. पण ध्वनीची भिंत फुटली वगैरे काही झालं नाही, कारण सभोवतीच्या हवेच्या मानानं विमान नेहमीच्याच वेगानं चाललं होतं. हवाच धावत होती. हवेत खरोखर आवाजापेक्षा जास्त वेगानं जाणाऱ्या काँकॉर्डनं हे अंतर फेब्रुवारी १९९६ मध्ये दोन तास त्रेपन्न मिनिटांत कापलं होतं. त्याचं गणितच वेगळं.

जाताना उलटा वारा, येताना साथीचा. मग हिशेब बरोबरीत सुटत असेल? सुटत नाही. ५,५०० किलोमीटर अंतर, विमानाचा वेग ९००, वारा १००. वारा नसता तर जाऊन-येऊन १२ तास १३ मिनिटं लागली असती. वाऱ्यात जाताना वेग ८००, म्हणजे ६ तास ५२ मिनिटं. येताना १,०००, म्हणजे साडेपाच तास. बेरीज १२ तास २२ मिनिटं. नऊ मिनिटं वाऱ्यानं खाल्ली. कारण साधं आहे: उलट्या वाऱ्यात आपण जास्त वेळ असतो, साथीच्या वाऱ्यात कमी वेळ. म्हणून वारा देतो त्यापेक्षा जास्त घेतो.

म्हणूनच उत्तर अटलांटिकवर आकाशातल्या वाटा रोज नव्यानं आखल्या जातात. कॅनडातलं गँडर आणि या बाजूचं शॅनविक (आयर्लंडचं शॅनन आणि स्कॉटलंडचं प्रेस्टविक यांच्या नावांचं मिश्रण) ही नियंत्रण केंद्रं वाऱ्याचा अंदाज बघून दिवसातून दोनदा समांतर वाटांचे संच जाहीर करतात. रात्री पूर्वेकडे जाणाऱ्यांसाठी जेट प्रवाहात शिरणाऱ्या, दिवसा पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी त्याला चुकवणाऱ्या. आज गेलेली वाट उद्या शेकडो किलोमीटर उत्तरेला असू शकते.

आता या लेखाच्या शीर्षकातली वाट. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को दोऱ्यानं मोजलं तर सुमारे १२,४०० किलोमीटर, आणि दोरा उत्तर ध्रुवाच्या आसपास जातो. एअर इंडियानं ही थेट सेवा डिसेंबर २०१५ मध्ये सुरू केली, तेव्हा विमान युरोप आणि अटलांटिकवरून पश्चिमेला जात असे, जवळपास १३,९०० किलोमीटर, बराच काळ उलट्या वाऱ्यात. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी दिशाच फिरवली. विमान पूर्वेला निघालं, चीन आणि जपानच्या बाजूनं पॅसिफिकवर, पाठीशी वारा घेऊन. अंतर झालं १५,३०० किलोमीटर, म्हणजे १,४०० ने जास्त. आणि वेळ लागला साडेचौदा तास, पूर्वीपेक्षा दोनेक तास कमी. परतताना विमान पूर्वेकडेच अटलांटिकवरून यायचं, पुन्हा साथीच्या वाऱ्यात. जाऊन-येऊन पृथ्वीची एक प्रदक्षिणा पूर्ण. मला स्वतःला हवाई अंतराविषयी एवढं बोलकं उदाहरण दुसरं सापडलेलं नाही: नकाशावर जास्त असलेली वाट घड्याळात कमी भरते, आणि वैमानिकासाठी घड्याळ आणि इंधन हेच खरं अंतर.

नमनाला घडाभर तेल

तिकिटावरचा वेळ हा उड्डाणाचा वेळ नसतोच. विमान आपल्या जागेवरून हललं तिथपासून मुक्कामी जागेवर उभं राहून चाकांना अडसर लागेपर्यंतचा तो काळ. या क्षेत्रातले लोक त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. म्हणजे धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, पुढच्या पाच विमानांची वाट बघणं, हे सगळं त्यात धरलेलं. ॲमस्टरडॅमच्या स्खिपोल विमानतळाची २००३ साली सुरू झालेली पोल्डरबान ही धावपट्टी टर्मिनलपासून इतकी दूर आहे की नुसतं तिथवर जायला दहा ते वीस मिनिटं लागतात. उतरलो म्हणून मोबाइल काढावा आणि विमान आपलं चालतच राहावं, हा अनुभव तिथला.

शिवाय हवेतही सगळा वेळ नऊशेच्या वेगानं जात नाही. उंची गाठायला वीस-पंचवीस मिनिटं जातात, खाली यायला सुरुवात मुक्कामाच्या सुमारे दोनशे किलोमीटर आधी होते, आणि दहा हजार फुटांखाली वेग साधारणपणे २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरच्या आत ठेवावा लागतो. मग हत्ती गेला आणि शेपूट राहिलं अशी गत: हीथ्रोला धावपट्ट्या दोनच, त्यामुळे गर्दीच्या वेळी बोव्हिंग्डन, लॅम्बर्न, ऑकम आणि बिगिन या चार ठिकाणी विमानं एकावर एक थर लावून घिरट्या घालत बसतात.

हे सगळं कंपन्यांना ठाऊक असतं, म्हणून वेळापत्रकात थोडी ढील आधीच सोडलेली असते. अमेरिकेत तर सरकारी हिशेबात पंधरा मिनिटांच्या आतला उशीर उशीर धरतच नाहीत. उशिरा सुटलेलं विमान ‘वेळेआधी’ पोचल्याची घोषणा होते आणि लोक टाळ्या वाजवतात, ती जादू बरेचदा या ढिलाईची. वैमानिकानं जोर लावला असेलच असं नाही. फार वेगात उडणं म्हणजे इंधन जाळणं, आणि इंधन महाग की वेळ महाग याचा आकडा उड्डाणाआधीच विमानाच्या संगणकात भरलेला असतो.

स्वतः अंदाज बांधायचा असेल तर मी वापरतो ते सूत्र असं: हवाई अंतराला ८५० नं भागायचं आणि वर चाळीस मिनिटं घालायची. दक्षिण कोरियातलं सोल ते जेजू, जगातल्या सर्वांत गजबजलेल्या हवाई मार्गांपैकी एक, ४५० किलोमीटर: बत्तीस मिनिटं अधिक चाळीस, सव्वा तासाच्या आत. वेळापत्रक साधारण तेवढंच सांगतं. सिंगापूर ते न्यूयॉर्क, सुमारे १५,३५० किलोमीटर: अठरा तास आणि चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. तेही जुळतं. लंडन–न्यूयॉर्कला सात तास दहा मिनिटं येतात. येतानाचं सात जवळपास बसतं, जाताना उलट्या वाऱ्याचा पाऊण तास वाढवावा लागतो. हेलसिंकी–टोकियोला सूत्र पावणेदहा-दहा तास म्हणतं, आणि आता आपल्याला माहीत आहे की ते २०२२ पूर्वीच्या जगाचं उत्तर आहे.

एक सूचना मात्र. तिकिटावरची सुटण्याची आणि पोचण्याची वेळ वजा करून प्रवासाचा वेळ काढू नका. दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या घड्याळातल्या असतात. लंडनहून सकाळी अकराला निघालेलं विमान न्यूयॉर्कला दुपारी दोनला पोचतं: वजाबाकी तीन तास, खरा वेळ आठ. तिकडून संध्याकाळी सातला निघालेलं सकाळी सातला पोचतं: वजाबाकी बारा, खरा वेळ सात. टोकियोहून सोमवारी संध्याकाळी पाचला लॉस एंजेलिससाठी निघालात, दहा तास उडालात, तर हिवाळ्यात तिथे उतराल सोमवारीच सकाळी दहाला, निघण्याच्या सात तास आधी. घोळ टाळायचा तर दोन्ही वेळा एकाच गावच्या घड्याळात आणा, मग वजाबाकी करा.

माझं सूत्र जिथे सपशेल आपटतं अशी एक जागा मला माहीत आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांमध्ये वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे अशी विमानसेवा १९६७ पासून चालते, आठ-दहा आसनांच्या छोट्या पंख्याच्या विमानानं. अंतर २.७ किलोमीटर, काही विमानतळांच्या एका धावपट्टीहूनही कमी. सूत्र म्हणतं चाळीस मिनिटं. वेळापत्रक म्हणतं दोन मिनिटं. आणि आतापर्यंतचा सर्वांत जलद फेरा आहे त्रेपन्न सेकंदांचा.